काटा आणि भाव

डिसेंबरातली सकाळ. देवळीतून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जिनिंगच्या फाटकाशी कापसाच्या गाड्या लागल्या आहेत. पूर्वी बैलांच्या बंड्या असत, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि लहान टेम्पो. ग्रेडर ट्रॉलीवर चढतो. वरचा थर बाजूला सारून कोपरापर्यंत हात आत घालतो, मूठभर कापूस काढतो, दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून धाग्याची लांबी बघतो, किडकी कवडी किती आहे ते बघतो. मग ओलावा मोजायच्या यंत्राची सळई कापसात खुपसतो. आकडा येतो चौदा. ट्रॉलीवाला शेतकरी म्हणतो, "रातच्या दवानं वरतून ओला झाला जी, खालतून पाहा ना." ग्रेडर खालून बघतो. साडेअकरा.

या दोन आकड्यांत काय आहे ते सांगतो. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देतं. आठ ते बारा टक्क्यांत ओलावा वाढेल तसा भाव कापला जातो. बाराच्या पुढे माल घेतच नाहीत. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. साडेअकराचा आकडा आला तर क्विंटलमागे सुमारे २८४ रुपये गेले. चौदाचा आला तर ट्रॉली वळवायची आणि रस्त्यापलीकडचा व्यापारी देईल तो भाव घ्यायचा. सळई वीतभर वर की वीतभर खाली, एवढ्यावर हे ठरतं.

बाजार कुठे फसतो आणि सरकार मध्ये का पडतं, हा या पुस्तकाचा विषय आहे. तो समजावून सांगायला मी वर्गात बरीच वर्षं घालवली. फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढल्या, त्या कुठे छेदतात ते दाखवलं, आणि मागच्या बाकावरची मुलं खिडकीबाहेर बघत राहिली. त्यांच्या घरी कापूस होता. मी कापसापासून सुरुवात केली असती तर कदाचित त्यांनीच मला शिकवलं असतं. ती चूक इथे सुधारतो आहे. पुस्तकभर उदाहरणं आहेत ती बहुतेक देवळी, पुलगाव, हिंगणघाट, फार तर वर्धा नदीपलीकडच्या वऱ्हाडातली.

आधी शब्दाचं बघू. पाठ्यपुस्तकात याला 'बाजाराचं अपयश' म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे. अपयश म्हटलं की कोणी परीक्षेला बसलं आणि नापास झालं असं वाटतं. बाजार परीक्षेला बसत नाही. आमच्याकडे 'बाजार बसला' म्हणतात, पण ते मंदीबद्दल. आणि सगळा घोटाळा इथेच होतो. भाव पडला की आपण म्हणतो बाजार फसला. अर्थशास्त्राला ते मान्य नाही. जगात कापूस जास्त झाला आणि भाव उतरला, तर बाजाराने आपलं काम केलं. ते काम आपल्याला झोंबलं एवढंच. बाजार फसला असं केव्हा म्हणायचं? विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला मालाची माहिती सारखी नसते तेव्हा. दोघांच्या सौद्याची किंमत तिसरा कोणी मोजतो तेव्हा. घेणारा एकटाच उरतो आणि विकणाऱ्याला दुसरं दार नसतं तेव्हा. किंवा ज्या वस्तूची सगळ्यांना गरज आहे ती वस्तू कोणी विकायलाच काढत नाही तेव्हा. या चारही तऱ्हा एका ट्रॉलीभर कापसात सापडतात.

माझं म्हणणं पहिल्याच पानांवर सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढे भांडायला बरं. कापसाच्या बाबतीत सरकारने काटा सुधारला तेव्हा ते काम टिकलं. भाव आपल्या हातात घ्यायला गेलं तेव्हा आधी लोकांनी डोक्यावर घेतलं आणि पुढे सगळं अंगाशी आलं. काटा आणि भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विदर्भातलं कापसाचं राजकारण पन्नास वर्षं त्या एकच समजत आलं.

काट्याची गोष्ट जुनी आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मँचेस्टर म्हणजे तेव्हा मुक्त व्यापाराची काशी. सरकारने व्यापारात हात घालू नये असं जगाला सांगणारं शहर. त्याच शहरातले गिरणीवाले आता आपल्या सरकारच्या मागे लागले: हिंदुस्थानात रस्ते करा, रेल्वे न्या, कापसातली भेसळ थांबवा. त्याच दशकात वर्धा जिल्हा वेगळा झाला, रेल्वे आली, मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा साहेब खास कापसाचा आयुक्त म्हणून आला. हिंगणघाटच्या कापसाचं मुंबईच्या बाजारात नाव होतं. देवळीही कापसाची पेठ म्हणून पुढे आली, इथे जिन उभे राहिले.

नाव झालं की नावाला खाणारेही येतात. गाठीत पाणी मार, सरकी मिसळ, खाली हलका कापूस आणि वर पांढराशुभ्र, हे प्रकार तेव्हा इतके वाढले की मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातल्या भेसळीविरुद्ध खास कायदा करावा लागला. यातलं अर्थशास्त्र बारकाईने बघण्यासारखं आहे. एका व्यापाऱ्याने पाणी मारलं तर त्याचा फायदा त्याला. पण लिव्हरपूलच्या घेणाऱ्याला कुठली गाठ भिजवलेली आणि कुठली नाही हे बाहेरून कळत नाही. म्हणून तो सगळ्याच गाठींचा भाव पाडून मागतो. मग प्रामाणिक माल आणणाऱ्याला वाटतं, आपण तरी कोरडा कापूस का आणावा? चांगला माल हळूहळू बाजारातून उठतो. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन हेच मांडलं आणि २००१ साली त्याला नोबेल मिळालं. आमच्या पणजोबांच्या पिढीतल्या कुठल्याही अडत्याने त्याला हे बसल्या बैठकीला सांगितलं असतं, फक्त ते गणितात लिहिलं नसतं.

शेतकऱ्याच्या बाजूने हीच अडचण उलटी होती. त्याला भाव कळत नसे. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करत. ज्याचा माल तो समोर उभा, आणि आकडा रुमालाखाली. वजनमापं प्रत्येकाची आपली. त्यावर अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, आणखी कसली कसली कट्टी. एवढ्याशा कोंडीला बाजार म्हणायचं असेल तर म्हणावं. त्यात शेतकरी बहुधा आधीच देणेकरी. पेरणीला ज्याने पैसे दिले त्यालाच कापूस घालायचा, म्हणजे दहा व्यापारी असले तरी त्याच्यापुरता घेणारा एकच. पुस्तकात याला खरेदीदाराची मक्तेदारी म्हणतात.

नदीपलीकडे वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला. ठरलेल्या जागी बाजार, ठरलेली वजनं, देखरेखीला समिती. देशातल्या नियंत्रित बाजारांच्या कायद्यांची ती सुरुवात मानतात. मध्य प्रांतात, म्हणजे नदीच्या आपल्या काठाला, कापूस बाजाराचा कायदा यायला १९३२ उजाडलं. पुढे महाराष्ट्र राज्याचा १९६३ चा कायदा आणि आजच्या बाजार समित्या. समित्यांना शिव्या घालायला मलाही आवडतं. निवडणुका, गटबाजी, शेडचं काम अर्धवट, सगळं खरं. पण उघडा लिलाव, तपासलेला काटा आणि लेखी पावती या तीन गोष्टी समितीच्या आवारात शेतकऱ्याला हक्काने मागता येतात. आजोबांना मागता येत नव्हत्या. यातल्या एकाही गोष्टीत सरकारने भाव सांगितलेला नाही. भाव दोघांनीच ठरवायचा, फक्त रुमाल बाजूला करून.

आता भावाकडे. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण जगातल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसलेला एवढा मोठा प्रयोग आपल्या अंगणात झाला आणि आपण तो विसरत चाललो आहोत.

महाराष्ट्राने १९७१ साली कच्च्या कापसाच्या खरेदी, प्रक्रिया आणि विक्रीचा कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यातला सगळा कापूस राज्यच घेणार, व्यापाऱ्याने घ्यायचा नाही. जिनिंगवाल्यांनी सरकारच्या कापसाची सरकी मजुरीवर काढून द्यायची. रुई आणि सरकी विकून नफा उरला तर तो शेतकऱ्याला; त्यातला काही भाग भावातल्या चढउतारासाठीच्या निधीत. कापूस घातला की हमीभाव, आणि हंगामाचा हिशेब लागला की वरची रक्कम. पुढे १९८४ मध्ये या कामासाठी कापूस उत्पादक पणन महासंघ वेगळा झाला. कल्पना साधी आणि सुंदर होती. दिवाळीला बोंडं फुटतात तेव्हा शेतकऱ्याला पैसा हवा, म्हणून सगळे एकदम विकतात, भाव पडतो. उन्हाळ्यात तोच कापूस चढ्या भावाने जातो. मधला नफा व्यापाऱ्याचा. तो मधला माणूस काढला की तो नफा ज्याचा त्याला.

काही वर्षं तसं झालंही. वरच्या रकमेतून विहीर बांधली, मुलीचं लग्न केलं असं सांगणारी म्हातारी माणसं देवळी तालुक्यात अजून भेटतात. त्यांच्या बोलण्यात त्या योजनेबद्दल माया असते आणि मला ती खोटी वाटत नाही. सावकाराच्या वाड्याऐवजी सरकारी काट्यावर कापूस घालायला मिळणं, यात पैशापलीकडचं काही होतं.

घोळ झाला तो सीमेवर. महाराष्ट्राचा एकाधिकार महाराष्ट्रापुरता. उत्तरेला मध्य प्रदेश, दक्षिणेला तेव्हाचं आंध्र, आदिलाबाद हाकेच्या अंतरावर. बाहेरचा भाव आपल्या हमीभावापेक्षा चढा असला की कापूस रात्री ट्रक भरून बाहेर जाई. नाक्यांवर पोलीस, आणि आपलाच कापूस विकायला नेणारा शेतकरी तस्कर. उलट बाहेरचा भाव पडला की तिकडचा कापूस इकडे येऊन आपल्या सातबारावर चढे. म्हणजे भाव चढले की योजनेला माल नाही, आणि पडले की नको तेवढा माल. विम्याच्या धंद्यात असं झालं तर कंपनी बुडते. इथे तिजोरी होती, म्हणून बुडायला वेळ लागला.

दुसरा घोळ ग्रेडरच्या हातात होता. व्यापारी काढून टाकला, पण कापूस ओळखायचा कोणी? प्रत काय लागते यावर सगळा भाव, आणि प्रत लावणारा पगारी माणूस. व्यापाऱ्याने चांगला कापूस वाईट म्हणून नाकारला तर त्याचं नुकसान, शेजारचा घेऊन जाईल. पगारी माणसाने वाईट कापूस चांगला म्हटला तर त्याच्या खिशाला काही लागत नाही, झाला तर फायदाच होतो. १८६३ साली जी भेसळ कायद्याने थांबवायला निघाले होते तिला सरकारी काट्यावरच पाट मिळाला. चुकारे लांबले. आणि निवडणुका जवळ आल्या की हमीभावावर आगाऊ बोनस जाहीर होऊ लागला, बाजारात रुईला काय मिळणार याचा विचार न करता.

मग २००१ साली जगाचा भाव कोसळला. अमेरिकेचं सरकार आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देत होतं, म्हणून भाव पडूनही तिथलं पीक कमी होत नव्हतं. ब्राझीलने त्याविरुद्ध २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि पुढे जिंकला. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली हे चार गरीब देश २००३ मध्ये तीच तक्रार घेऊन उभे राहिले. टेक्सासच्या शेतकऱ्याला त्याच्या सरकारने जे दिलं त्याची किंमत बुर्किना फासोत मोजली गेली आणि देवळीतही. त्यांच्याशी आपली ओळख नाही, पण आपलं दुखणं एकच होतं. एकाधिकाराचा तोटा तोवर हजारो कोटींत गेला होता. २००२ मध्ये व्यापाऱ्यांना पुन्हा दार उघडलं आणि तीस वर्षांचा प्रयोग कसलाही गाजावाजा न होता संपला.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या प्रयोगावर तिखट बोट ठेवलं होतं: आपला माल हवा तिथे विकायचं स्वातंत्र्य आधी द्या. मला ते बरंचसं पटतं. पूर्ण पटत नाही, कारण स्वातंत्र्य मिळाल्यानंतरची वर्षंही आपण पाहिली. वर्धा जिल्ह्यातल्या डोरली गावाने 'गाव विकणे आहे' असा फलक लावला तो त्यानंतरचा. पाठ्यपुस्तक म्हणतं की प्रत्येक वस्तूला कुठल्या ना कुठल्या भावाला गिऱ्हाईक असतं. डोरलीला बघायला पत्रकार आले, पुढारी आले, गिऱ्हाईक आलं नाही. २००६ च्या पावसाळ्यात पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात वर्धा होता. पॅकेज म्हणजे हस्तक्षेपच, फक्त आग लागल्यावरचा.

मग सरकारने भावाला हातच लावू नये का? इथे मला माझ्याच म्हणण्याला एक पाचर मारावी लागते. शेतकऱ्याला उद्याच्या भावाचा विमा हवा असतो. जूनमध्ये पेरताना नोव्हेंबरचा भाव माहीत नसतो, आणि ही जोखीम दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायला तो चार पैसे मोजायला तयारही असेल. पण तसा विमा देवळीच्या पेठेत कोणी विकत नाही. मुंबईत कापसाचे वायदे शंभर वर्षांपूर्वीपासून चालले, मध्ये कित्येक दशकं सरकारने बंद ठेवले, पुन्हा सुरू केले. पण चार एकरवाल्याला वायदेबाजार म्हणजे चंद्रावरची जमीन. हा बाजार कोणी मांडलेलाच नाही, आणि ही बाजार फसण्याची शुद्ध जात आहे. हमीभावाकडे मी त्या न मिळणाऱ्या विम्याच्या जागी बघतो. विमा म्हणून तो खालच्या पायरीला धरून ठेवण्यापुरता असावा. त्याला उत्पन्नाचा जाहीरनामा केलं की एकाधिकाराच्या वाटेने जायला वेळ लागत नाही.

आणि सरकार एका हाताने देतं ते दुसऱ्या हाताने काढूनही घेतं. २०२२ मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला तेव्हा एकही शेतकरी सरकारकडे गेला नाही. गिरण्या गेल्या. एप्रिलमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा उठलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमकी देवळीत बोंडं फुटायच्या वेळेला. व्यापाऱ्यांचा भाव हमीभावाच्या खाली राहिला आणि शेतकरी मोबाइलवर 'कपास किसान' ॲप उघडून सीसीआयची नोंदणी करत बसले. १८६० च्या दशकातलं मँचेस्टर आठवा. बाजारावर सगळ्यात जास्त श्रद्धा त्याची, ज्याच्या बाजूने आज भाव आहे.

भावाची कटकट इथे सोडतो, कारण या पुस्तकातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं प्रकरण एका अळीचं आहे.

देशात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेल्या कापसाला, २००२ च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली. थैलीत साडेचारशे ग्रॅम बीटी बियाणं, आणि सोबत एकशेवीस ग्रॅमची लहान पुडी साध्या कापसाची. ती पुडी धुऱ्याच्या कडेने लावायची. कशासाठी? बीटी खाऊन वाचलेल्या चार-दोन चिवट अळ्यांना जोडीदार मिळायला साध्या पऱ्हाटीवर वाढलेली बिनचिवट पाखरं हवीत, म्हणजे पुढच्या पिढीत चिवटपणा पातळ होतो. विज्ञान पक्कं. पण हिशेब मांडा. पुडी लावली तर तेवढ्या ओळींतलं पीक अळी खाणार, ते नुकसान माझं. अळी चिवट झाली नाही, याचा फायदा सगळ्या तालुक्याचा. मी एकट्याने पुडी फेकली तर अळीला काही फरक पडत नाही. म्हणून मी फेकली. शेजाऱ्यानेही हाच विचार केला. सगळ्यांनीच केला. पुड्या कोठ्याच्या आढ्याला लटकल्या, उकिरड्यावर गेल्या. वर फरदड. जानेवारीनंतर ओलित करून पऱ्हाटी उभी ठेवायची, दोन वेचण्या जास्त निघतात; त्या दोन वेचण्यांत बोंडअळीला उन्हाळाभर घर मिळतं.

२०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ धुऊन काढला. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं तर आत किडलेली कवडी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. इथे कोणी कोणाला फसवलं नव्हतं. कोणी रुमालाखाली बोटं दाबली नव्हती. प्रत्येकाने आपल्या घरचा हिशेब अगदी बरोबर केला आणि त्या बरोबर हिशेबांची बेरीज चुकली. आर्थर पिगू या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली लिहिलेल्या ग्रंथात अशा बाहेर सांडणाऱ्या खर्चाचा विचार केला आहे. त्याचा उपाय कर आणि अनुदान. पण पुडी न लावल्याचा कर देवळीत कोण वसूल करणार? तलाठी धुऱ्याधुऱ्यावर फिरणार का? शेवटी उपाय निघाला तो वेगळाच: साधं बियाणं त्याच थैलीत मिसळून द्यायचं, म्हणजे फेकायची सोयच नाही. शिवाय लवकरच्या पेरणीला आळा बसावा म्हणून हंगामाआधी बियाणं विकायला राज्याने बंदी घातली. हस्तक्षेप असा हुशारीने करता येतो. दंड नाही, भाषण नाही, निवडीची रचनाच बदलली. उशीर झाला हे मात्र खरं.

बियाण्याच्या किमतीची गोष्ट याच पिशवीतली. २००६ मध्ये सोळाशेच्या वर असलेली थैली आंध्राच्या पुढाकाराने साडेसातशेवर आली. २०१५ पासून कापूस बियाण्याची कमाल किंमत केंद्र ठरवतं. तंत्रज्ञान एकाच कंपनीच्या हातात असताना किंमत बांधणं मला योग्य वाटतं. पण त्याचीही पावती फाटते. २०१६ मध्ये त्या कंपनीने पुढच्या वाणाचा अर्ज मागे घेतला. तणनाशक सहन करणारं बियाणं मग आलं ते चोरून, बिनपावतीचं, आणि कृषी केंद्राच्या मागच्या दाराने जे विकलं जातं त्यात काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही. आपण पुन्हा भिजलेल्या गाठीपाशी आलो.

उरलेल्या प्रकरणांबद्दल थोडक्यात. सार्वजनिक वस्तूंचं प्रकरण याच तालुक्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारावर आहे. संरक्षण ही अशी वस्तू, की एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही असं करता येत नाही, म्हणून ती कोणी विकत घेत नाही आणि सरकारला करावी लागते. पण ३१ मे २०१६ च्या आगीत शेजारच्या गावांतली माणसं मध्यरात्री अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. सुरक्षितता सगळ्या देशाची आणि भीती चार गावांची, ही वाटणी पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. रेल्वेवरच्या प्रकरणात पुलगाव आणि देवळी शेजारी शेजारी आहेत. पुलगावला मुख्य मार्ग इंग्रजांच्या काळात मिळाला. तो खाजगी भांडवलाचा म्हणून सांगतात, पण भागधारकांच्या पाच टक्के व्याजाची हमी सरकारची होती. देवळीला गाडी दिसायला २०२४ चा फेब्रुवारी यावा लागला, वर्धा-कळंब मार्ग सुरू झाला तेव्हा. वर्ध्याच्या मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पांनी बाजार आणि सरकार या दोघांवरही अविश्वास दाखवणारं अर्थशास्त्र मांडलं; त्यांच्यावर एक प्रकरण आहे. ते मला पूर्ण पटलेलं नाही, पण वगळायला हात धजला नाही.

पुस्तकात आलेख कमी आहेत. जे आहेत ते सोडून वाचलं तरी चालेल.

फाटकावरच्या त्या शेतकऱ्याचं राहिलं. साडेअकरावर त्याची ट्रॉली आत गेली. मी विचारलं, सगळाच माल आणला का? म्हणाला, अर्धा घरी आहे. माजघरात छतापर्यंत. भाव वाढेल म्हणून ठेवला आहे. पण कापूस घरात भरला की त्यातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटते. लेकरं रात्रभर खाजवतात, सून माहेरी जाते म्हणते, आणि चूल पेटवताना जीव मुठीत धरावा लागतो. गोदामात ठेवून पावतीवर कर्ज काढता येतं हे त्याने ऐकलं होतं. कुठे आणि कसं, ते त्याला माहीत नव्हतं. "अजून महिनाभर थांबू का जी," त्याने विचारलं, "का इकून टाकू?" मी तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. मी त्याला विचारलं, खाज फार आहे का?